दौलत मिस्त्रीची तिवसाची काठी

जवस भाजून उखळात घातले, की मुसळाचे पहिले दोन ठोके मी जरा जोरातच देते. सुना आपसात म्हणतात, सासूबाईंच्या अंगात अजून चांगलाच जोर आहे. म्हणोत बापड्या. घरात मिक्सर आला, गॅस आला, पण जवसाची चटणी मी उखळातच कुटते, आणि ते पहिले दोन ठोके अकोल्याच्या दौलत मिस्त्रींचे असतात.

त्यांचा-आमचा सहवास म्हणाल तर जेमतेम बारा-तेरा दिवसांचा. पण काही माणसं तेरा दिवसांत घरात अशी बसतात, की जन्माचे सोयरेसुद्धा तसे बसत नाहीत. मिस्त्री गेले कधी, कुठे, मला ठाऊक नाही. मला ते आठवतात ते दुपारचे, झेंडूच्या वाफ्यालगत, लिंबाखाली आडवे झालेले, एक हात उघड्या गिअरबॉक्सवर ठेवून झोपलेले. आश्विनातलं ऊन, झेंडूचा तो उग्र वास, मधमाश्यांची गुणगुण, आणि त्या सगळ्याच्या मधोमध शांत घोरणारा एक माणूस. एवढ्या वर्षांत ते चित्र थोडंसुद्धा पुसट झालेलं नाही.

दुसरी मोठी लढाई संपून दोन पावसाळे झाले होते. लष्कराच्या जुन्या गाड्या विकायला निघाल्या, तशी आमच्या मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, एक ट्रक घेतला. आम्ही वलगावचे माळी. पेढी नदीच्या अंगाला आमचा मळा, वांगी-मेथीचा. माळ्याच्या दारात लष्कराचा ट्रक म्हटल्यावर सगळं गाव पाहायला लोटलं. पोरंसोरं त्याला हत्ती म्हणू लागली. मामाजी त्याला बैलच समजत. रोज सकाळी त्याच्या कपाळावरून हात फिरवत, आणि पोळ्याला, शिंगं नाहीत म्हणून आरशांना गोंडे बांधले.

त्या वर्षी मामाजींनी भाजी मोडून सगळा मळा झेंडूला दिला. सगळं गणित दसऱ्याच्या आदल्या दिवशीच्या अकोल्याच्या बाजाराचं. अमरावतीला फुलं जो तो आणतो. बडनेऱ्याहून रेल्वेनं पाठवावीत, तर अकोल्याला पोचेपर्यंत त्यांचा पाला होतो. पण ट्रक असला तर सकाळची तोडलेली फुलं दुपारी मोर्णा नदीच्या पलीकडे, जुन्या शहरात. दसरा टळला की झेंडूला कुत्रं विचारत नाही. सगळं घर त्या एका दिवसावर बसलेलं होतं.

आणि दसऱ्याला पंधरा दिवस उरले असताना ट्रकचा गिअर पडेना.

आता खरं सांगते. दोष माझा होता. दुसरा गिअर आधीपासूनच निसटायचा. आमचे हे एका हातानं चाक आणि गुडघ्यानं गिअरचा दांडा दाबून गाडी चालवत. पण गाडी चालत होती. मग ह्यांना हिवताप आला. तापात बडबडताना म्हणाले, "गिअरबॉक्सातलं तेल संपत आलं हाय, तेवढं टाकजो वं." कोणतं तेल, हे विचारायला माणूस शुद्धीवर पाहिजे ना! बैलगाडीच्या चाकांना लावायच्या एरंडीच्या तेलाचा डबा रिकामा. घरात घाण्यावरून आणलेलं जवसाचं तेल होतं, ताजं. मला वाटलं, जवसाची ढेप, म्हणजे पेंड, चारली की बैलाच्या अंगावर तेज येतं, मग ह्या बैलाला काय वाईट? ह्यांना करताना पाहिलं होतं, तसं बाजूचं बूच काढून नळीनं भरभरून ओतलं. मला तेव्हा स्वतःचं कौतुक वाटलं होतं, ते आठवून आजही कान गरम होतात.

जवसाचं तेल तापलं की चिकट होतं, आणि मग लाखेसारखं घट्ट बसतं, हे मला कोण सांगणार होतं? हे बरे झाले, चार खेपा मारल्या, पाचव्या खेपेला आतून कडाकडा आवाज आला आणि हत्ती दारात बसला. मामाजींनी तेव्हाच सांगून टाकलं होतं, "कोण्या भाड्यानं काही केलं असन तर त्याचं तोंड नाही पायनार मी." मी भाकऱ्या थापत होते. तव्यावरची भाकर करपली, तरी मला कळलं नाही.

अमरावतीच्या मिस्त्र्यांनी हात टेकले. कोणीतरी सांगितलं, अकोल्याला जुन्या शहरात दौलत मिस्त्री म्हणून आहे, जातीचा लोहार, ब्रह्मदेशात लष्कराच्या गाड्या बांधून आलेला. पण ऐकायला येत नाही त्याला. मामाजी म्हणाले, "आपल्याले गाडी दुरुस्त करायची हाय, कीर्तन नाही ऐकवायचं."

मिस्त्री आले ते चालत. अमरावतीपर्यंत मोटारीनं आणि पुढे पायी. उंच, वाळकुडा माणूस, केस पांढरे, भुवया मात्र काळ्याभोर. खांद्यावर पान्यांची पिशवी आणि हातात तिवसाच्या लाकडाची हातभर काठी, दोन्ही टोकं गुळगुळीत झालेली. राम राम नाही, पाणी नाही, सरळ ट्रककडे गेले. ह्यांना खुणेनं म्हणाले, इंजिन सुरू कर. मग काठीचं एक टोक गिअरबॉक्सच्या पोटाला लावलं आणि दुसरं धरलं दातात. डोळे मिटले. आम्ही सगळे बघत राहिलो. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, माझ्या कानात म्हणाल्या, "अवं, हा तं देवरुशी दिसते!"

बऱ्याच वेळानं त्यांनी काठी काढली. "दमली हाय बिचारी," म्हणाले. "लय दमली."

ब्रह्मदेशात बाजूलाच बॉम्ब पडला आणि कानाचे पडदे गेले. पण हाडातून त्यांना ऐकू येई. काठी दातात धरली, की गाडीच्या आतलं सगळं त्यांना कळे, कुठला दात झिजला, कुठली बेअरिंग रडते. माणसाचं बोलणं मात्र ओठांवरून वाचत. हाक मारायची तर जमिनीवर पाय आपटायचा, दोनदा. पाठमोरे असले तरी लगेच वळत. आमच्या घरात चार दिवसांत सगळ्यांना पाय आपटायची सवय लागली. आत्याबाई तर मलाही तसंच बोलवायला लागल्या.

मशीनला ते कधी 'खराब' म्हणत नसत. दमली, रुसली, किंवा फार झालं तर 'आता हिले निजू द्या.' काम सुरू करायच्या आधी त्यांनी माझ्याकडे पळसाच्या पत्रावळी मागितल्या. मला वाटलं, जेवायला बसणार. तर मिस्त्रींनी ट्रकशेजारी ओळीनं पंगत मांडली, आणि एकेक नट-बोल्ट काढून एकेका पत्रावळीवर वाढत गेले. मागच्या चाकांकडे जाणाऱ्या शाफ्टचे इकडे, क्लचकडचे तिकडे. पंगत ओलांडायची नाही. मामाजी एकदा विसरून ओलांडून गेले, तर मिस्त्रींनी त्यांना परत फिरायला लावलं. मामाजींना असं सांगणारा माणूस वलगावात तरी जन्मलेला नव्हता.

दुसऱ्या दिवशी गिअरबॉक्स खाली उतरला. झाकण उघडलं. मी पाण्याचा तांब्या घेऊन उभी होते. आत दात तुटलेले, आणि सगळ्यांवर पिवळट, चकाकणारा, गुळाच्या पाकासारखा थर. मिस्त्रींनी थर नखानं खरवडला. वास घेतला. मग जिभेला लावला. लावला आणि वर पाहिलं, नेमकं माझ्याकडे. पाहिलं ते फार वेळ नाही.

मामाजी खाली वाकले. "काय म्हंतो मिस्त्री? काय टाकलं कोणी हे?"

मी तांब्या दोन्ही हातांनी घट्ट धरला.

"लढाईतलं वंगण हाय," मिस्त्री म्हणाले. "पलटणीत असंच भरत. पाच-सात वर्षांनी जमते असं. कोणाचा दोष नाही. दात तं आधीच गेले होते हिचे."

मामाजी 'हूं' म्हणाले आणि विषय संपला. माझा मात्र नाही संपला. ह्या माणसाला कळलं आहे की नाही? जिभेला कळलं असेल, पण मला पाहिलं ते सहजच पाहिलं असेल का? रोज जेवण वाढताना मी त्यांच्या तोंडाकडे बघे. ते कांदा फोडत, भाकर कुस्करत, आणि "वयनी, ठेचा झकास झाला," एवढंच म्हणत.

जुना गिअरबॉक्स आता कामाचा नव्हता. दुसरा पाहिजे होता, तसाच. मिस्त्री म्हणाले, मेळघाटात सेमाडोहला लाकडं ओढणारी अशीच एक गाडी मरून पडली आहे. मिस्त्री आणि आमचे हे परतवाड्याहून लाकडाच्या गाडीवर बसून तिकडे गेले. मी गेले नव्हते. पण ह्यांनी ती गोष्ट पुढे इतक्यांदा सांगितली, की मला वाटतं मीही गेले होते. सागाच्या दाट सावलीत तो ट्रक उभा. चाकं मातीत रुतलेली, टपावर पानांचा ढीग, खिडकीतून एक वेल आत शिरून दुसरीकडून बाहेर आलेली. मिस्त्रींनी चपला काढल्या, मग त्याला हात लावला.

केबिनच्या तळाच्या फळ्या वरून काढल्या असत्या तर दोन तासांचं काम. पण ड्रायव्हरच्या गादीत खारीनं घर केलेलं. कापूस उसवून त्यात तीन पिल्लं, डोळे न उघडलेली. मिस्त्रींनी खिडकीतून हात घालून गिअरचा दांडा तेवढा हळूच सोडवला आणि म्हणाले, "खालून काढू."

"मिस्त्री, अख्खा दिवस जाईन त्यात!" हे ओरडले. वर पाय आपटला, दोनदा.

"जाईन," मिस्त्री म्हणाले. "खारीचं घर नवमीच्या आत हालत नाही, तुमचं काम मात्र होईन."

अख्खा दिवस गेला. मिस्त्री पालापाचोळ्यात उताणे पडून खालून एकेक बोल्ट सोडवत होते, खार डोक्यावर चिरचिर करत होती, आणि त्यांना ती ऐकू येत नव्हती. हे सांगायचे, "मी असा चिडलो होतो, अन् तरी मले वाटे, हा दिवस संपू नये." आमच्या ह्यांच्या तोंडून असलं वाक्य मी जन्मात दुसऱ्यांदा ऐकलं नाही.

तो एक दिवस शेवटी अंगावर आला. गिअरबॉक्स घेऊन ते परत आले, धुतला, रॉकेलनं पुसला. मिस्त्रींनी त्याच्या शेजारी दुपारची झोप काढली, हात त्याच्यावर ठेवून. "नव्या घरी आली हाय, तिले जरा ओळख होऊ द्या," म्हणाले. मामाजी येरझारा घालत होते. अष्टमीला दिवसभर खपून गिअरबॉक्स वर चढवला, क्लचला बसवला, शाफ्ट जोडले. सगळे बोल्ट हातानं फिरवून लावले. पान्यानं आवळायचे तेवढे राहिले, आणि दिवस मावळला. मिस्त्रींनी पाने धुवून पिशवीत भरले.

"उद्या सकाळी आवळा म्हणजे झालं," मामाजी म्हणाले.

"उद्या खंडेनवमी," मिस्त्री म्हणाले.

खंडेनवमीला हत्यारं पाटावर बसतात. माळ्याचं विळा-खुरपं बसतं, लोहाराचा घण बसतो. त्या दिवशी आपल्या हत्याराला आपण काम सांगायचं नाही. हे आम्हाला कोणी शिकवायला नको होतं. फुलंसुद्धा आमच्याकडे त्या दिवशी हातानंच खुडतात. इतक्या दिवसांच्या घाईत हे कोणाच्या ध्यानातच आलं नव्हतं.

मामाजी चिडले, मग विनवू लागले. "मिस्त्री, फुलं उद्या निघाली नाही तं मातीत गेली. माहं वर्ष जाईन."

"ब्रह्मदेशात वरून बॉम्ब पडत होते, तईबी म्या नवमीले पाना नाही उचलला," मिस्त्री म्हणाले. "ह्या पान्यानं मले जिवंत परत आणलं, मामा. वर्षातला एक दिवस त्याचा हाय."

नवमीला सकाळी सगळं गाव मळ्यात उतरलं. बायका-माणसं झेंडू खुडत होती, टोपल्यांचे ढीग लागत होते, आणि ट्रक पोटातले बोल्ट सैल ठेवून उभा होता. ह्यांचं तोंड उतरलेलं. मी वाफ्यात वाकून खुडत होते आणि रडत होते. हे सगळं माझ्या एका डब्यामुळे! मिस्त्रींनी पाटावर पाने मांडले, कुंकू लावलं, माझ्याकडून पाच फुलं मागून घेतली. हात जोडले. मग उठले आणि माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"वयनी, तुमचं हत्यार कोणतं?"

मी डोळे पुसले. "खुरपं."

"थे तुमच्या पाटावर बसलं?"

"बसलं."

"मग माहा पाना तुमचा कोण लागते? काहीच नाही. तुमी उचला."

आत्याबाई म्हणाल्या, "बाईमाणूस गाडीखाली?" मिस्त्रींना ते ऐकू आलं नाही, किंवा त्यांनी ओठ वाचायचे टाळले. मी पाटाला नमस्कार केला, पाना उचलला. पदर खोचला आणि गोणपाटावर पाठ टेकून ट्रकखाली सरकले.

खाली सावली होती, थंड. रॉकेलचा वास आणि झेंडूचा वास मिसळून गेलेला. मिस्त्री माझ्या बाजूला उताणे पडले. काठीचं एक टोक गिअरबॉक्सला, दुसरं दातात, डोळे मिटलेले. मी पाना लावला आणि ओढला. ते दातातल्या दातात म्हणाले, "अजून." मी ओढला. "अजून. हां, थोडा अजून. बस." मग पुढचा. समोरासमोरचे बोल्ट आळीपाळीनं, असं बोटानं दाखवत. बाहेर टोपल्या घेऊन जाणारे पाय दिसत होते, माणसं बोलत होती, पण ते सगळं लांब कुठेतरी चाललं होतं. माझ्या बांगड्या लोखंडावर वाजायच्या, आणि प्रत्येक वेळी मिस्त्रींच्या तोंडावर जरासं हसू यायचं. त्यांना ते दातातून ऐकू जात असणार.

मला वाटलं, आता सांगावं. तोंड उघडलंही. पण त्यांचे डोळे मिटलेले, ओठ कसे वाचणार? आणि ओरडून सांगावं तर बाहेर मामाजी उभे. मी नुसतीच आवळत राहिले. शेवटचा बोल्ट झाला. "बस," मिस्त्री म्हणाले. "आता ही तुमच्या हातची."

ट्रक सुरू झाला. पहिला पडला, लोण्यासारखा. फुलं भरली, दोरखंड आवळले, मामाजी ह्यांच्या शेजारी जाऊन बसले. मिस्त्रींनाही बोलावलं, तर म्हणाले, "मले इथूनच ऐकू द्या." ट्रक मळ्यातून निघाला, केशरी डोंगर हलत हलत नदीच्या वळणाकडे गेला. मिस्त्री रस्त्यात गुडघे टेकून पार वाकले. काठीचं टोक रस्त्याला लावलं, दुसरं दातात धरलं. मी जवळ उभी होते. आवाज मला ऐकू येईनासा झाला, तरी ते तसेच.

"दुसरा पडला," म्हणाले. मग बराच वेळ काही नाही. मग काठी काढून माझ्याकडे वळले. "निसटला नाही. जाते आता अकोल्यापर्यंत."

आणि गेली. फुलं विकली गेली, वर्ष निभावलं, आणि तो गिअरबॉक्स पुढे किती वर्षं चालला म्हणून सांगू! पण ते सगळं नंतरचं.

मिस्त्री लगेच निघाले. पाने पाटावरून उचलून कपड्यात गुंडाळले. उद्याशिवाय वापरायचे नव्हते. आत्याबाई म्हणाल्या, जेवून जा. ते म्हणाले, बांधून द्या, वाटेत खाईन. मी भाकऱ्या बांधायला घेतल्या. ते दाराशी आले, इकडेतिकडे पाहिलं, कोणी नव्हतं.

"वयनी, संगं जवसाची चटणी द्यान?"

मी वर पाहिलं. त्यांच्या तोंडावर हसू नव्हतं, चिडवणं नव्हतं. माझ्याच चेहऱ्याकडे पाहत होते, ओठ वाचायला पाहतात तसे.

"मीच टाकलं होतं थे," मी म्हणाले. आवाज काढला नाही. नुसते ओठ हलवले.

"ठाऊक हाय," ते म्हणाले. "जवस खायले लय चांगलं, वयनी. माणसानं खावं. गाडीले नाही सोसत." आणि भाकऱ्यांचं गाठोडं घेऊन पायऱ्या उतरले. घरात चटणी कुटलेली नव्हती. मी म्हणाले, थांबा, कुटते. पण पाठ फिरलेली, त्यांना कसं कळणार!

मी उखळात जवस टाकले आणि कुटायला लागले, वेड्यासारखी. आत्याबाईंनी विचारलं, आता कोणाले वं? चटणी झाली, पानात बांधली, धावत बांधावर आले. मिस्त्री पार पुढे गेले होते, अमरावतीच्या रस्त्याला लागले होते, बोटाएवढे दिसत होते. हाक मारून उपयोग नाही. मी परत उखळापाशी पळाले, मुसळ उचललं, आणि अंगणात जमिनीवर आपटलं. दोनदा. होता नव्हता तेवढा जोर लावून.

बांधावर येऊन पाहिलं, तर ते रस्त्यात वाकलेले होते. चपलेत खडा गेला असेल, की काठी रस्त्याला लावली असेल, इतक्या लांबून मला काय दिसणार? मग ते सरळ झाले. वळले नाहीत. पण उजवा हात वर केला, काठीसकट, आणि तसाच वर धरून बरंच अंतर चालत गेले.

चटणी माझ्या हातातच राहिली. रात्री मामाजी अकोल्याहून आले, खूश होऊन, फेटा मागे सारून जेवायला बसले. मी ती चटणी त्यांच्या ताटात वाढली, समोर बसले, आणि गिअरबॉक्सात काय ओतलं होतं ते सगळं सांगून टाकलं. मामाजींनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग भाकरीचा तुकडा चटणीत बुडवून म्हणाले, "चांगली झाली वं. अजून वाढ."